मागचे शॉकअप दर पावसाळ्यानंतर वाजतात? आधी स्प्रिंग काढून बघा

तक्रार नेहमीचीच आहे. गणपतीत गाडी भरून गावाला येते आणि मागून खडखड सुरू होते. फिटर चाकाच्या मागे बॅटरी मारतो, "शॉकअप गेले, जोडी टाकू" म्हणतो, तासाभरात नवी जोडी बसते. चार-सहा महिने सगळं गप्प असतं. शिमग्याला निघावं तर तोच आवाज पुन्हा, कधी त्याच बाजूने तर कधी दुसऱ्या. मग मालक शॉकअपचा ब्रँड बदलतो, नंतर गॅरेज बदलतो आणि शेवटी 'कोकणातले रस्तेच तसले' म्हणून सोडून देतो.

रस्ते तसले आहेत, हे खरं. पण वारंवार जाणाऱ्या शॉकअपमागे बहुतेक वेळा दोनच गोष्टी निघतात. एक तर शेजारची स्प्रिंग किंवा तिची बैठक खराब असते आणि तिच्याकडे कुणी बघितलेलंच नसतं. नाहीतर नवा शॉकअप बसवतानाच त्याची वाट लावलेली असते. दोन्ही गोष्टी स्प्रिंग बाहेर काढून नीट बघितल्याशिवाय कळत नाहीत.

पुढचं सगळं लिहितोय ते मागे टॉर्शन बीम असलेल्या गाड्यांसाठी. म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच आडव्या बीमला, कॉइल स्प्रिंग बीम आणि बॉडीच्या मध्ये वेगळी, आणि शॉकअप तिच्या शेजारी वेगळा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅक अशाच असतात. तुमच्या गाडीत मागे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली असेल, तर ती घरी उघडू नका. तिथे स्प्रिंग दाबून धरायला कंप्रेसर लागतो. दाबलेली स्प्रिंग असताना वरचा नट सोडला तर ती सुटते कशी ते बघायला माणूस उरेलच असं नाही. पिकअप, बोलेरो यांना मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग असते, त्यांची गोष्ट वेगळी. शेवटी दोन ओळी त्यांच्यासाठीही आहेत.

आधी आवाज ओळखा

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची उसळी आवरतो. एवढं डोक्यात ठेवलं तरी अर्धं निदान होतं. गाडी मागून बसली असेल, एका बाजूला कलली असेल, तर नवे शॉकअप घालून ती उठणार नाही. खड्ड्यातून गेल्यावर मागचा भाग दोन-तीनदा डोलत राहत असेल, घाटात वळणावर मागून तरंगल्यासारखं वाटत असेल, तर मात्र शॉकअपवर संशय घ्यायला हरकत नाही.

त्याहीआधी डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, टॉमी, स्टेपनीचा बोल्ट, मागच्या सीटची कडी, सायलेन्सरचे टांगलेले रबर यांपैकी काहीही सैल असलं तरी आवाज थेट शॉकअपसारखाच येतो. स्टेपनीच्या खाचेत लोळणारा नारळ हा आमच्याकडे निदानाचा पहिला मुद्दा आहे. थट्टा वाटेल, पण त्यावरून नवी जोडी टाकलेली माणसं आहेत.

डिकी रिकामी, टायरमध्ये बरोबर हवा, गाडी सपाट जागी. आता चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा, दोन्ही बाजूंचं, आणि कागदावर लिहून ठेवा. हा आकडा पुढे परत लागणार आहे. डाव्या-उजव्यात सेंटीमीटरभराहून जास्त फरक निघाला तर मी शॉकअपचा विचार बाजूला ठेवून सरळ स्प्रिंग काढतो.

मागचा कोपरा जोरात दाबून सोडायची जुनी चाचणीही करा. वर येऊन गाडी स्थिरावली तर ठीक, परत परत हलली तर शॉकअप मेला. मात्र या चाचणीत पास झालेला शॉकअप चांगलाच असतो असं नाही. अर्धा मेलेला शॉकअपही हाताच्या दाबाला फसवतो.

आवाजाचे प्रकार साधारण असे. बारीक खडबडीवर सतत खट-खट म्हणजे शॉकअपचं वरचं माउंटिंग किंवा खालच्या डोळ्यातला, म्हणजे बोल्ट जातो त्या कड्यातला, रबरी बुश. गतिरोधकावर भरलेल्या गाडीत धाडकन एकच दणका म्हणजे बंप स्टॉपचा, शेवटचा दणका झेलणाऱ्या रबराचा, भुगा झालाय. गाडीत बसता-उठता करकर म्हणजे स्प्रिंगखालचं रबर. वळताना किंवा खड्ड्यात खणकन आवाज, तोही कधी येतो कधी नाही, हा सगळ्यात वाईट. शेवटचा वेढा तुटलेल्या स्प्रिंगचा आवाज असाच असतो, आणि तुकडा बैठकीतच अडकून राहत असल्यामुळे चाक न काढता तो दिसतही नाही.

काढताना

जागा सपाट आणि टणक हवी. लाल मातीच्या अंगणात, तेही पावसात, जॅक हळूहळू खाली जातो आणि कळतही नाही. जॅकखाली जाड फळी टाकाच.

एक गोष्ट मोठ्याने सांगायची आहे: गाडीखाली चिरा लावू नका. आपल्या घराभोवती जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात, चौकोनी असतात, उंचीलाही बरोबर वाटतात, म्हणून हात तिकडेच जातो. पण जांभा सच्छिद्र दगड आहे. भिंतीत सगळीकडून दाब आला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, गाडीचं वजन एका बोटभर कडेवर आलं की कसलीही सूचना न देता फुटतो. लोखंडी घोड्या मिळतात, त्या आणा. नाहीतर हे काम गॅरेजच्या लिफ्टवर करून घ्या.

हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि आपण उचलणार मागचीच चाकं. त्यामुळे हँडब्रेकच्या भरवशावर राहता येत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि मग हँडब्रेक सोडा, कारण बीम खाली घेताना त्याच्या केबलवर ताण नको.

चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी उचला, बॉडीच्या ठरलेल्या जागी दोन्हीकडे घोड्या लावा, चाकं काढा. आता दुसरा जॅक बीमखाली लावून तो किंचित वर उचलून धरा. हे महत्त्वाचं आहे. चाक हवेत असताना बीम किती खाली लोंबेल हे शॉकअपच अडवून धरत असतो. आधार न देता शॉकअपचा बोल्ट काढला तर बीम खाली पडतो आणि ब्रेकच्या रबरी पाइपवर लटकतो. पाइप बाहेरून धड दिसेल, आतून चिरला असेल, आणि ते कळेल कशेडी घाटात उतरताना.

बीमला काय काय जोडलंय ते एकदा हाताने चाचपून बघा: ब्रेकचे पाइप, हँडब्रेकच्या केबल, एबीएसची वायर, आणि काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हची बारीक स्प्रिंग. ज्यांना ढिलाई नाही त्यांच्या क्लिपा सोडवा.

शॉकअपचा खालचा बोल्ट बऱ्याचदा हलत नाही. किनाऱ्यावरच्या गाडीत तर नाहीच. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा. खरी पंचाईत होते ती बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटतो तेव्हा: पाना फिरतो, बोल्ट फिरतो आणि सोबत रबरही पिळवटतं. अशा वेळी गॅसची फुंकणी मारायचा मोह होतो. जवळच पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचा पाइप आहे. मारू नका. करवतीने बोल्ट कापा, जुना बुश असाही जाणारच आहे.

वरचा नट काही गाड्यांत चाकाच्या कमानीत सापडतो, काहींत डिकीतलं प्लास्टिक किंवा कार्पेट उचलल्यावर. दांड्याच्या टोकाला चपट्या बाजू किंवा षटकोन असतो, तिथे छोटा पाना धरायचा आणि नट सोडायचा. दांडा पकडीने धरायचा नाही. जुना फेकायचाच असेल तर चालेल, पण ही सवय नवा बसवताना तशीच राहते आणि तिथेच घात होतो. त्यावर पुढे येतोच.

दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट निघाले की बीमखालचा जॅक अगदी हळू खाली घ्या, नजर ब्रेकच्या पाइपवर. थोड्याच वेळात स्प्रिंग सैल होते, बीम हाताने जरा दाबला की बाहेर येते. कंप्रेसर लागत नाही. काढण्याआधी खडूने डावी-उजवी आणि वरचं टोक कुठलं याची खूण करा.

हातात आल्यावर

स्प्रिंग निघाल्यावर पहिल्यांदा बीमवरच्या वाटीत बघा, जिथे ती बसलेली असते. किनारपट्टीच्या गाडीत तिथे हमखास लाल मातीचा लगदा असतो, त्यात बारीक वाळू, सुपारीची किंवा सुरूची कुजलेली काडी. लगदा उचलला की त्याच्यावर स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्याचा ठसा असतो. म्हणजे वर्षभर ते लोखंड ओल्या मातीच्या पोटात होतं. मार्चमध्येसुद्धा, बाहेर सगळं कोरडं ठणठणीत असताना, ही माती आतून दमट निघते. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे ती पुरती सुकतच नाही.

वाटीच्या तळाला पाणी निघून जायला भोक असतं. ते बुजलेलं असणार. तारेने मोकळं करा. कधी ते मातीने बुजतं, तर कधी गाडीला 'अँटी-रस्ट' मारणाऱ्याने त्यावरूनच काळं डांबरासारखं कोटिंग फासलेलं असतं. पैसे देऊन गंज लावून घ्यायचा हा प्रकार आहे.

आता स्प्रिंग धुवा आणि तारेच्या ब्रशने घासा, विशेषतः खालचे दोन वेढे. वरवरचा तांबूस गंज ब्रशने निघून खाली गुळगुळीत लोखंड लागलं तर फार चिंता नाही. पोपडे निघून खाली खड्डे दिसले तर नख फिरवून बघा. नख अडकलं की स्प्रिंग गेली. स्प्रिंगचं पोलाद सतत ताणाखाली असतं. गुळगुळीत तारेवर ताण सारखा पसरतो, खड्ड्यापाशी तो एकवटतो आणि तिथून बारीक चीर धरते. गाडी भरलेली असताना एक दिवस कट्‌ होतं. तुटलेलं टोक टायरला लागलं तर टायरही फाटतो.

चीर डोळ्याला दिसत नाही तेव्हा आमच्याकडची जुनी युक्ती वापरा. स्वच्छ केलेल्या वेढ्यावर रॉकेल लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, फडक्याने अगदी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते.

दोन्ही स्प्रिंगा सपाट फरशीवर शेजारी उभ्या करून उंची मोजा. एक बुटकी निघाली तर दोन्ही बदला. एकच नवी घातली तर गाडी उलट्या बाजूला कलेल आणि तुम्ही परत सुरुवातीला. नवी घेताना तिच्यावरच्या रंगाच्या खुणा जुन्याशी जुळवा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांतही वेगवेगळ्या स्प्रिंगा असू शकतात. वेल्डिंग, तापवून ताणणं, कापणं यातलं काही करू नका. आणि वेढ्यांत कोंबायचे ते रबरी ठोकळे, जे 'गाडी उचलते' म्हणून विकतात, त्यांच्याविषयीही माझं मत वाईटच आहे. ठोकळा बसलेले वेढे हलायचे थांबतात, त्यांचा सगळा वाटा उरलेल्या वेढ्यांवर जातो, शिवाय ठोकळ्यामागे माती आणि मीठ अडकून राहतं ते वेगळंच. आंब्याच्या पेट्या रोज वाहायच्या असतील तर हॅचबॅकला ठोकळे लावण्यापेक्षा पेट्या दोन खेपांत न्या.

वाटीलाच गंजून भोक पडलं असेल तर त्यावर पत्र्याचं ठिगळ मारू नका. बीम बदलावा लागतो. महाग आहे, पण दुसरा मार्ग नाही.

शॉकअप तपासायला तो उभा धरा, दांडा वर. पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा म्हणजे आतली हवा वर निघते, मग बघा. दोन्ही दिशांना विरोध सलग, न तुटता लागला पाहिजे. बाहेर ओढताना आत दाबण्यापेक्षा सहसा जास्त जोर लागतो. मध्येच हात मोकळा पडला, झटका बसला किंवा आतून खुळखुळ आली तर तो बाद. गॅसचा शॉकअप दाबून सोडला की आपोआप बाहेर येतो. नाही आला तर गॅस गेला. अंगावर तेलाचा हलका ओलसरपणा चालतो, पण तेलावर धूळ बसून खालपर्यंत ओघळ आला असेल तर सील फाटलं.

सील का फाटलं ते मात्र शोधा. दांडा बोटाने चाचपा. धूळरोधक रबर फाटलेलं असेल तर खारी हवा थेट दांड्यावर येते, क्रोमवर बारीक ठिपके पडतात आणि प्रत्येक हेलकाव्याला ते ठिपके सीलला कानशीसारखे घासतात. किंवा दांड्यावर वरच्या टोकाशी दातेरी ओरखडे दिसतील. ते पकडीचे. नट घट्ट करताना दांडा फिरतो म्हणून कुणीतरी पकडीने धरला. असा नवा कोरा शॉकअप पहिल्या दिवसापासून मरायला लागतो, आणि दोष कंपनीला जातो. जुनं धूळरोधक आणि जुना बंप स्टॉप नव्या शॉकअपवर चढवणं हीदेखील अशीच काटकसर. दोन्ही नवे घ्या.

परत बसवताना, जिथे बहुतेक जण चुकतात

स्प्रिंगचं टोक वाटीतल्या पायरीला टेकलं पाहिजे, रबर दुमडता कामा नये. बीम जॅकने वर घ्या, शॉकअपचे बोल्ट घाला, पण खालचा बोल्ट आत्ताच पूर्ण आवळू नका. फक्त हाताने घट्ट.

कारण खालच्या डोळ्यातलं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला धरून असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जखडते, आणि मग हालचाल झाली की रबर पिळलं जातं. चाक हवेत लोंबत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर आली की ते रबर पिळलेल्याच अवस्थेत कायम राहतं. उभ्या गाडीतसुद्धा. मग खड्ड्यात आणखी पिळतं आणि काही महिन्यांत फाटतं. तीच ती खट-खट. चाकं लावून गाडी स्वतःच्या वजनावर उभी करा, रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या, मागचा कोपरा दोन-चारदा दाबून हलवा आणि मगच शेवटचं आवळा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या जोराला, टॉर्क पान्याने. घाईत असलेल्या गॅरेजला हे उभं राहून सांगावं लागतं. सांगा.

कापलेल्या बोल्टऐवजी हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट नको. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, जुन्यावर जो असेल तोच किंवा वरचा घ्या. बंदराजवळ राहणाऱ्यांना स्टेनलेसचा मोह होतो, कारण होडीसाठी ते मिळतात आणि गंजत नाहीत. पण नेहमी मिळणारा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस ७०० मेगापास्कल ताकदीचा असतो, १०.९ चा बोल्ट १००० च्या पुढचा. तिथे गंजण्यापेक्षा तुटणं महागात पडतं. आट्यांना आणि नळीच्या आत ग्रीसचा पातळ थर दिला की पुढच्या वेळी करवत लागणार नाही. फक्त ग्रीस लावल्यावर आट्यातलं घर्षण कमी होऊन तोच टॉर्क जास्त आवळतो, म्हणून मॅन्युअल कोरडे आटे सांगत असेल तर ग्रीस नळीपुरतंच ठेवा.

जळकं इंजिन ऑइल खालून फासायची पद्धत गावोगावी आहे. पत्र्याला चालेल, पण बुशच्या रबराला ते फुगवतं आणि मऊ करतं. आणखी एक: मुंबईकरांची गाडी वर्षभर पडवीत किंवा मांडवाखाली उभी असते आणि ती सुरक्षित आहे असं सगळ्यांना वाटतं. समुद्राकडून आलेलं मीठ तिच्या पोटाला बसतच राहतं, आणि आडोशामुळे पाऊस ते कधी धुऊन काढत नाही. उभी गाडी चालत्या गाडीइतकीच गंजते. महिन्यातून एकदा कुणालातरी सांगून गोड्या पाण्याची नळी खालून, बीमच्या वाटीत नेमकी, मारायला लावा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या उतारावर भरतीचं पाणी लागलं, तर घरी येऊन त्याच दिवशी धुवा. वाळूत गाडी घालणाऱ्यांना काय सांगणार.

काम झाल्यावर थोडं चालवून कमानीचं अंतर परत मोजा आणि आधीच्या कागदाशी ताडून बघा. नव्या स्प्रिंगांनी मागचा भाग वर आला असेल तर हेडलाइटचा झोत खाली गेलेला असतो, तोही जुळवून घ्या. आठवडाभराने बोल्ट एकदा तपासा.

एवढं करूनही ब्रेक मारताना किंवा गाडी सुटताना मागून एकच ठोका येत असेल, तर बीमच्या पुढच्या टोकाचे मोठे बुश बघा. टॉमी घालून हलवलं की फाटलेलं रबर उघडं पडतं. ते दाबून बसवायला प्रेस लागते, घरी होत नाही.

पाटेवाल्या गाड्यांसाठी: तिथे आवाज बहुधा शॅकलच्या, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीच्या, बुशचा किंवा एक्सलला पाट्यांशी आवळणाऱ्या सैल यू-बोल्टचा असतो. पाट्यांच्या मधल्या गंजाने ते एकमेकांवर सरकत नाहीत, गाडी कडक होते आणि शॉकअपचे डोळे तुटतात. मधला बोल्ट तुटला असेल तर एक्सल किंचित मागे-पुढे सरकतो, गाडी तिरकी धावते. पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून एक्सल दोन्हीकडे सारख्याच अंतरावर आहे का, ते टेपने मोजून कळतं.